'वीसपर्यंत येतं' म्हणजे नेमकं काय येतं? अमेरिकेतल्या बालवर्गातली मोजणीची चाचणी

अमेरिकेत किंडरगार्टनमध्ये मोजणीची चाचणी घेताना शिक्षिका एकेका मुलाला समोर घेऊन बसते आणि वस्तू त्याच्या हातात देते. बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या 2010 च्या 'कॉमन कोअर'मधली (कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावं हे सांगणाऱ्या मानकांमधली) अपेक्षा नेमकी आहे: रांगेत, आडव्या-उभ्या ओळींत किंवा गोलात मांडलेल्या 20 पर्यंत वस्तू मोजता याव्यात, विखुरलेल्या असतील तर 10 पर्यंत. शिवाय सांगितलेल्या संख्येइतक्या वस्तू मोजून देता याव्यात.

मांडणी बदलली की चूकही बदलते, त्यामुळे प्रत्येक मांडणी वेगळी तपासावी लागते. रांगेत बिनचूक मोजणारं मूल गोलात पहिली वस्तू पुन्हा मोजतं, कारण सुरुवात कुठून केली हे त्याच्या ध्यानात राहत नाही. विखुरलेली बटणं मोजताना ती बाजूला सरकवता येतात. कार्डावर छापलेले ठिपके सरकत नाहीत. या दोन्हींचे गुण एकत्र करू नयेत.

साहित्य थोडकंच लागतं: एकाच रंगाची, एकाच मापाची 30 बटणं, एक वाटी, एक रुमाल आणि खाली फेल्टचा तुकडा. रंगीबेरंगी बटणं दिली की मुलं मोजायचं सोडून रंग जुळवत बसतात.

आधी 7 बटणं रांगेत ठेवा. मोजून झालं की वर रुमाल टाका आणि विचारा, "किती आहेत?" शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे कळलेलं मूल 'सात' म्हणतं. न कळलेलं पुन्हा 'एक, दोन' सुरू करतं किंवा रुमाल उचलायला जातं.

मग सगळ्यात बोलकी पायरी: "मला तीन दे." घडाघडा वीसपर्यंत म्हणणारी काही मुलं इथे सरळ मूठभर बटणं उचलून देतात. जमलं तर पुढची संख्या, चुकलं तर एक कमी. एकाच संख्येला तीनपैकी दोनदा बरोबर आलं तरच ती पक्की धरा. वाटीत मागितल्यापेक्षा बरीच जास्त बटणं हवीत. दहा मागायची आणि वाटीत दहाच असली, तर वाटी रिकामी करूनही उत्तर बरोबर येतं.

निकाल बिघडवतात ते बहुधा मोठेच. मूल शेवटच्या बटणाशी आलं की आपली मान हलते, आणि मूल तिथेच थांबतं. डोळे कागदावर ठेवा. नोंदीत नुसती बरोबर-चूकची खूण नको. मूल म्हणालं तसंच लिहा: '13, 14, 16'. इथे बोट प्रत्येक बटणावर नीट पडत असेल तर एकास एक संगती, म्हणजे एका वस्तूला एकच आकडा, पक्की आहे, फक्त आकड्यांचा क्रम कच्चा आहे. उपाय वेगळा, म्हणून नोंदीचा रकानाही वेगळा.

मराठी घरातल्या मुलाला एकदा मराठीतही मोजू द्या. इंग्रजीत अडखळणारं तेच मूल मराठीत 'सात' सांगून मोकळं होत असेल, तर अडचण मोजणीची नाही, इंग्रजी आकड्यांची आहे. गावाकडे हीच चाचणी चिंचोक्यांवर घेता येईल. तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर मात्र चिंचोके किंवा बटणं नकोत, ती तोंडात जातात. तिथे मोठे लाकडी ठोकळे वापरा.