बधिर बोटांची रेघ

परभणीतल्या शाळेत मी 31 वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना चित्राच्या पेपराआधी माझी एकच सूचना असे : रेघ मनगटातून नको, खांद्यातून येऊ द्या. स्वतः मात्र मी मनगटातूनच काढत आले, कारण मला बारीक कामाची ओढ होती. शून्य नंबरच्या ब्रशने पापणीचा एकेक केस काढताना श्वास रोखून धरावा लागतो, त्यात मला सुख मिळे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या, आणि नंतरच्या औषधांत पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाचे आठवड्याला एक असे 12 डोस होते, ज्यांच्यासाठी आम्ही दोघे दर वेळी रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जात असू. केस गेले आणि पुन्हा आले. बोटांची जाणीव मात्र आली नाही. हे औषध मज्जातंतूंना इजा करू शकते, आणि ती इजा बहुधा बोटांच्या टोकांपासून सुरू होते. माझ्या बोटांना आधी मुंग्या आल्या, मग ती बधिर झाली. त्यातच ग्रंथी काढल्यामुळे दंडात द्रव साचून सूज येते, म्हणून हात फार वेळ लोंबता ठेवायचा नाही.

वर्षभराने ब्रश हातात घेतला तेव्हा तो डोळ्यांना दिसत होता, पण बोटांना कळत नव्हता. किती दाब पडतो आहे याचा अंदाज येईना. रेघ एक तर कागदाला टेकतच नसे, नाही तर फाटेपर्यंत रुतत असे. मी रंगपेटी कपाटात ठेवली आणि आठ महिने ते कपाट उघडले नाही.

मग यांनी मला अजिंठ्याला नेले. शाळेच्या सहलींबरोबर मी तिथे अनेकदा गेले होते, आणि मातीच्या गिलाव्यात मिसळलेला भाताचा कोंडा, वर चुन्याचा पातळ हात, गेरूची रेघ, काजळीचा काळा, अफगाणिस्तानातून आलेला निळा असे सारे मुलांना पाठ म्हणून सांगितले होते. या वेळी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभी राहिले आणि खांद्यापासून खाली उतरणाऱ्या त्या एका बाह्यरेषेवरून माझी नजर हटेना. ती रेघ मनगटातून येणे शक्य नाही, असे मला तिथे ठामपणे वाटले. काढणारा उभा असणार, आणि त्याचा अख्खा हात हलला असणार.

घरी आल्यावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, वीतभर तुकडे केले, झाकणाला छिद्र पाडलेल्या डब्यात भरले आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवला. धूर थांबल्यावर डबा बाहेर काढून न उघडता गार होऊ दिला. कोळशाच्या कांड्या चांगल्या निघाल्या. फ्रेंच चित्रकार मातिसची 1941 साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, आणि पुढे फ्रान्समधल्या व्हान्स गावच्या चॅपेलसाठी (छोट्या चर्चसाठी) चित्रे काढताना त्याने लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधला होता. पूर्वी हे मी जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगत असे. आता मला त्यात आधी सोय दिसते, आणि ती सोय जिद्दीपेक्षा अधिक मोलाची वाटते. मीही वेताच्या छडीला कांडी बांधली, भिंतीवर खाकी कागद लावला आणि उभी राहिले. बोटांनी फक्त छडी धरायची. दाब खांद्याला कळतो. छटा पसरवायला तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरते, कारण तिथला स्पर्श अजून शाबूत आहे. वीस मिनिटे झाली की थांबते आणि हात उशीवर उंच ठेवून पडून राहते.

पहिल्या रेघा पाहून माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, ही तुमची रेघ वाटत नाही." तिचे बरोबर आहे. ही रेघ जाड आहे, मध्येच तुटते, आणि मी तिला जुन्या रेघेसारखी करायला बसलेली नाही. त्या आठ महिन्यांत मी जुन्या हाताचीच वाट पाहत राहिले होते.

सध्या अंगणातली चिंच काढते आहे. खोड झाले आहे, दोन मोठ्या फांद्याही झाल्या आहेत. पाने फार बारीक असतात. तिथे कोळसा कसा वागतो ते अजून पाहिलेले नाही.