नुसत्या दुखावलेल्या भावनेला कलम नसतं

पोलीस ठाण्यात मोबाइल पुढे करून "हे वाचा आणि गुन्हा दाखल करा" म्हणणाऱ्याला ठाणे अंमलदार बहुधा दोन उत्तरं देतो. एक, "ही तर एनसी आहे," म्हणजे अदखलपात्र, नुसती नोंद. दुसरं, "ॲट्रॉसिटी लागते बघा," म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. दोन्ही उत्तरं घाईची असू शकतात. मजकूर किती झोंबला, याला कायद्याच्या लेखी फारसं वजन नाही. तो कोणाला उद्देशून होता, कशामुळे होता, कोणाच्या देखत होता आणि कशासाठी होता, यावर सगळं ठरतं. या चार प्रश्नांची उत्तरं फिर्यादीत नसली की खरी पीडित व्यक्ती हरते. आणि उत्तरं नसतानाही कलम लागलं की नुसतं मत मांडणारा माणूस आत जातो.

पालघरचं उदाहरण आपल्या घरचंच. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. त्यात 'त्रासदायक', 'गैरसोयीचा' असल्या शब्दांवर तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. त्रास कोणाला, किती, कसा, याला काही मापच नव्हतं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम मुळासकट रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन पायऱ्या आहेत, आणि सरकारला हात घालता येतो तो फक्त तिसऱ्या पायरीवर, असं त्या निकालात आहे. गंमत म्हणजे रद्द झालेलं कलम पुढेही लावलं जातच राहिलं. ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नका, असं न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. आजही कोणाच्या एफआयआरमध्ये ते दिसलं, तर वकिलाने पहिलं बोट तिथेच ठेवावं.

आता समूहाविरुद्धच्या द्वेषाचं कलम. जुन्या दंड संहितेचं १५३अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १९६. धर्म, वंश, जन्मस्थान, रहिवास, भाषा, जात यांच्या आधारे समूहासमूहांत वैर पसरवणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कलम सर्रास वापरलं जातं आणि बऱ्याचदा चुकीचं वापरलं जातं. दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे यात वैर पसरवण्याचा हेतू दिसावा लागतो. आणि दोन समूह असावे लागतात. एखाद्या समूहाला नुसतं वाईट वाटलं, दुसऱ्या समूहाचा संबंधच नाही, तर कलम बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९७ मध्येच सांगून ठेवलं आहे.

शब्दाचा परिणाम मोजायचा तरी कोणाच्या मनावर? याचं माप नागपुरात तयार झालं. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की लेखनाचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजावा. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या माणसाचं माप लावू नये. पाऊणशे वर्षांनी तेच माप कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या उपयोगी पडलं. ३७० कलम हटवलं तो ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, असं त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं होतं. १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या होत्या. हातकणंगले ठाण्यात १५३अ लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने शुभेच्छांत गैर पाहिलं नाही, पण काळ्या दिवसाच्या मजकुरावरून गुन्हा कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं सांगितलं, आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायला हवं, असंही सुनावलं.

मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. तीन ते सात वर्षांच्या टप्प्यात शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, त्यासाठी डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक, दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणंच योग्य, असं न्यायालय म्हणालं. शिवाय १९६ चा खटला न्यायालयाने दाखल करून घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. ती नसल्यामुळे खटले वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि आरोपीच्या गळ्यात नुसता एफआयआर लटकत असतो.

ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र वेगळ्या वाटेने जातो. तिथे प्राथमिक चौकशी नाही. हा वादही महाराष्ट्रातूनच गेला. कराडच्या एका महाविद्यालयातल्या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची अट घातली. देशभर आंदोलनं झाली, त्याच वर्षी संसदेने १८अ कलम घालून ती अट काढली, आणि २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. म्हणजे समूहद्वेषाच्या तक्रारीत पोलिसांनी थांबून बघायचं, आणि जातीवरून अपमानाच्या तक्रारीत थेट गुन्हा नोंदवायचा. हा फरक मला योग्य वाटतो. 'आधी चौकशी करू' या शब्दांखाली गावागावांत किती तक्रारी विरल्या, हे ठाण्याच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा.

पण नोंद झाली म्हणजे खटला टिकला असं नाही. मराठी फिर्यादींमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य म्हणजे "आरोपीने मला जातिवाचक शिवीगाळ केली." हे पोलिसी वाक्य आहे, त्यात पुरावा काहीच नाही. नेमके शब्द काय होते? ते लिहिताना संकोच वाटतो, जबाब घेणारा हवालदारही "तसं लिहू नका" म्हणतो. लिहायलाच हवेत, जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. उच्चारलेले शब्द निदान दोषारोपपत्रात तरी यायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधले दोन उपविभाग इंग्रजी 'आर' आणि 'एस' या अक्षरांनी ओळखले जातात. एस मध्ये जातीचं नाव घेऊन शिवी दिलेली असावी लागते. आर मध्ये जातीचं नाव उच्चारलंच पाहिजे असं नाही, पण मुद्दाम केलेला अपमान जातीमुळेच केला आहे, हे दिसावं लागतं. दोन्हींना शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. आणि दोन्हींत घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली हवी. इथे जागा सार्वजनिक आहे की खाजगी, हा प्रश्न गौण. रस्त्यावरून दिसणारं घरासमोरचं अंगण खाजगी असूनही चालतं, २००८ चा निकाल तसा आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेली शिवीगाळ चालत नाही, हा २०२० चा निकाल. म्हणून "दोघेजण ऐकत होते" एवढ्यावर थांबू नये. ते कोण, कुठे उभे होते, नातेवाईक की त्रयस्थ, हे लिहावं. सगळ्यांना दिसणारी पोस्ट वा व्हिडिओ नजरेसमोर आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मानलं. एकास एक पाठवलेल्या मेसेजवर हे कलम टिकवणं अवघड. तिथे धमकीचं किंवा छळाचं कलम शोधावं.

दुसऱ्या बाजूनेही रेघ आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर केलेली प्रत्येक टीका म्हणजे ॲट्रॉसिटी नव्हे. केरळमधल्या एका यूट्यूब चॅनेलवाल्याने आमदारावर केलेल्या आरोपांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हेच म्हणून अटकपूर्व जामीन दिला. आमदाराच्या कारभारावर तिखट लिहा, आरक्षणाच्या धोरणावर वाद घाला, हे सगळं मोकळं आहे. पण कॉलेजच्या ग्रुपवर एका मुलीचं नाव घेऊन, तिच्या जातीकडे बोट दाखवून तिची लायकी काढलीत, तर 'मी धोरणावर बोलत होतो' हा बचाव तोकडा पडेल. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही, म्हणून फिर्यादीत दोघांच्या जातींचा उल्लेख हवा. जातीचा दाखला लवकर जोडावा. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. खालच्या अधिकाऱ्याने केलेल्या तपासावर बचाव पक्ष हमखास बोट ठेवतो. ठाण्यात दाद लागत नसेल तर १४५६६ ही ॲट्रॉसिटीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

वंशावरून होणाऱ्या हेटाळणीचं काय? पुण्यात ईशान्येकडची मुलं शिकतात, हॉटेलांत, सलूनमध्ये काम करतात, आणि 'चिंकी' हा शब्द त्यांना रोज ऐकावा लागतो. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा आणि हल्ल्यांच्या भीतीने हीच मुलं पुणे-बंगळूरहून गाड्या भरभरून गावी परतली होती. तेव्हा सरकारने दिवसाला पाचच एसएमएस पाठवण्याची मर्यादा घातली, पुढे ती वीस केली. अफवेवरचा तो उपाय सगळ्यांच्याच बोलण्यावर पडला. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलमं सुचवली. ती आजतागायत कायद्यात आलेली नाहीत, नवी न्याय संहिता करतानाही नाहीत.

मग वाट कोणती? मुलगा अनुसूचित जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटीच. 'तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही' असं सांगून ठाण्यातून परत पाठवलं जातं, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये ही पळवाट बुजवली. मूळ राज्यात अनुसूचित असलेल्या व्यक्तीला या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं. अडचण उरते ती यादीत नसलेल्यांची, मणिपूरच्या मैतेई मुलांची किंवा आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांची. त्यांच्यासाठी शिल्लक राहतं न्याय संहितेचं ३५२, म्हणजे शांतताभंग होईल अशा हेतूने केलेला अपमान. तो अदखलपात्र. म्हणजे पुन्हा एनसीचा कागद. इथे एक नेमकं, अरुंद कलम हवं असं माझं मत आहे. व्यक्तीला तोंडावर, वंशावरून, हिणवण्याच्या हेतूने, एवढंच. त्याहून रुंद केलंत तर दुसरं ६६अ तयार होईल.

छळाचा मुद्दा शब्दांहून वेगळा आहे, तिथे पुनरावृत्ती मोजली जाते. न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क करणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुढच्या वेळी पाच. म्हणून एकदाच स्पष्ट लिहावं, "मला मेसेज करू नका." मग उत्तर देणं बंद. ती एक ओळ आणि त्यानंतर आलेले मेसेज हाच पुरावा. वाद घालत बसलं की समोरचा वकील म्हणतो, संवाद तर दोन्हीकडून चालू होता. विनयभंगाच्या शब्दांचं जुनं ५०९, आता ७९, ईमेललाही लागतं. 'उच्चारलेला शब्द' म्हणजे फक्त तोंडी नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

पुराव्यात सगळ्यात मोठी चूक क्रमाची होते. लोक आधी पोस्ट रिपोर्ट करतात, ती उडते, मग स्क्रीनशॉट शोधत बसतात. आधी पोस्टची लिंक कॉपी करा. प्रोफाइलचं दिसणारं नाव कोणीही बदलू शकतो, म्हणून प्रोफाइलची लिंकही घ्या. तारीख-वेळ दिसेल असा न कापलेला स्क्रीनशॉट घ्या, मग प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत जाताना स्क्रीन रेकॉर्डिंग. व्हॉट्सॲप असेल तर मीडियासकट चॅट एक्स्पोर्ट. हे झाल्यावर रिपोर्ट. काढलेला मजकूर कंपनीने १८० दिवस जपायचा असतो, त्यामुळे तपास अधिकाऱ्याने कंपनीला पत्र त्या मुदतीत पाठवलं का, हे पुन्हा पुन्हा विचारत राहा. फोन बदलू नका, रिसेटही करू नका.

छापील स्क्रीनशॉट एकटा पुरावा होत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ते अनिवार्य ठरवलं. तेव्हाचं ६५ब आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत, पहिला उपकरण वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, दोन्हीत जुळली पाहिजे. फाइल एडिट करून नाव झाकलं, क्रॉप केलं, की हॅश बदलते. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करा.

ग्रुप ॲडमिनना एक दिलासा. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू दिसावा लागतो, असं गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं.

आणि तक्रार तुमच्याच पोस्टबद्दल असेल तर? पोस्ट घाईघाईने डिलीट करू नका. सार्वजनिकपणे दिसणं बंद करा, पण प्रत ठेवा. आधीच्या-नंतरच्या कमेंटसह पूर्ण धागा जपा, कारण संदर्भ तुम्हालाच लागणार आहे. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा जड जाऊ शकतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही, आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस येते. ठरल्या दिवशी हजर राहिलात आणि तरीही अटक करायची असेल, तर पोलिसांना तिचं कारण लेखी नोंदवावं लागतं. नोटीस घेताना सहीखाली तारखेबरोबर वेळही लिहा, आणि एक प्रत मागून घ्या.