रविवार रात्र, ग्योन्योंचे लोहार

साडेबारा वाजून गेलेत आणि झोपेचा पत्ता नाही. उद्या दुपारपर्यंत साहेबांना कळवायचंय, टीम लीडची पोस्ट घेतेस की नाही, घेतली तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शहरात जायचं. विचार करायला म्हणून लॅपटॉप उघडला आणि बघतेय काय तर २००० सालची फ्रान्समधली एक फुटबॉल मॅच. आई म्हणते तसं, कामाच्या वेळी नको ते उद्योग.

खरं तर कॅले बघायला बसले होते, फ्रान्समधल्या एका बंदराच्या गावचा क्लब. कॅलेची गोष्ट फुटबॉलवाल्यांना माहीत असते. चौथ्या डिव्हिजनची टीम, गोदीत, दुकानात, शाळेत नोकऱ्या करणारी पोरं, आणि फ्रेंच कपमध्ये (त्यात लहानमोठे सगळेच क्लब खेळतात) एकेकाला घरी पाठवत सुटली, स्ट्रासबुर्ग गेलं, मग सेमी फायनलला बोर्दो, जे तेव्हा फ्रान्सचे गतविजेते होते, त्यांना एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१. फायनल ७ मे २००० ला नांतशी. पहिला गोल कॅलेचाच, द्युतित्रचा! मग सिबिएर्स्कीने बरोबरी केली आणि अगदी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, २-१, खलास. त्यानंतर नांतचा कॅप्टन लांद्रो, एकवीस पण पूर्ण नव्हती त्याला, त्याने कॅलेच्या कॅप्टनला वर बोलावलं आणि दोघांनी मिळून कप उचलला. मी हे दहाव्यांदा बघतेय आणि दहाव्यांदा डोळे भरून आले, आता काय करणार.

तर त्याच्या बाजूला सजेशनमध्ये आलं ग्योन्यों. स्पेलिंग बघून मी आधी 'ग्युग्नॉन' का काय ते वाचलं. बरगंडीतलं सात-आठ हजार वस्तीचं गाव, आरू नदीच्या काठी. गावात अठराव्या शतकापासून लोखंडाचा कारखाना, आता तिथे स्टेनलेस स्टील बनतं. म्हणून टीमचं टोपणनाव 'ले फोर्जरों', म्हणजे लोहार. क्लब १९४० चा, रंग पिवळा-निळा, आणि स्टेडियममध्ये जागा किती तर गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. म्हणजे तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत अख्खं गाव कुलूप लावून मॅचला गेलं तरी खुर्च्या उरणार.

आणि ही टीम तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. २२ एप्रिल २००० ला, म्हणजे कॅलेच्या फायनलच्या बरोबर पंधरा दिवस आधी, त्याच स्टाद द फ्रान्स स्टेडियमवर, लीग कपची (हा फक्त प्रोफेशनल क्लबांचा) फायनल, समोर पॅरिसची बडी टीम पीएसजी, स्टार प्लेअर ओकोचावाली पीएसजी, जी त्या वर्षी लीगमध्ये दुसरी आली. ग्योन्यों जिंकलं. २-०. दुसऱ्या हाफमध्ये ट्रापासोचा गोल आणि शेवटी फ्लोतोचा. दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबने लीग कप जिंकायची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे सोनाराचे शंभर घाव आणि लोहाराचा एक म्हणतात ना, तर ह्यांनी दोन घातले.

आता मला जे खटकतंय ते हे, की कॅले सगळ्यांना आठवतं आणि ग्योन्यों कोणालाच नाही. मान्य आहे, कॅले दोन पायऱ्या खालचे होते, आणि लीग कपला फ्रेंच कपसारखा मान कधी नव्हताच (तो कप २०२० मध्ये बंदच करून टाकला). पण तरी! कॅले हरले म्हणून गोड वाटतात का आपल्याला? छोट्याने लढावं, रडावं, मोठ्याने मोठं मन दाखवून त्याला वर बोलवावं, मग आपण पण रुमाल काढणार. ग्योन्योंने कोणाला ती संधीच दिली नाही, कप घेतला आणि बसमध्ये बसून घरी गेले.

आणि त्याच्या मागची गोष्ट तर अजून भारी. १९७९ मध्ये हे लोक दुसऱ्या डिव्हिजनचे चॅम्पियन झाले होते. वर जायचा हक्क होता. पण वर जायचं तर क्लब प्रोफेशनल करायला लागला असता आणि ह्यांचे प्लेअर कारखान्यात कामाला, संध्याकाळी प्रॅक्टिस. त्यांनी सांगितलं, नको. चॅम्पियन होऊन बढती नको! दुसऱ्याच दिवशी पाळी संपवून कोणीतरी हातपाय धुवून परत मैदानावर आला असेल, असं माझ्या डोक्यात चित्र आहे.

हे वाचल्यावर मी तासभर तिथेच अडकलेय. शहाणपण होतं का ते, का भीती? कारण पुढे क्लब प्रोफेशनल झालाच, १९९५ मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये गेले पण, आणि एकच सीझन टिकले. म्हणजे १९७९ वाले बरोबर होते म्हणायचं? पण मग नाही गेले असते प्रोफेशनल तर २००० चा कप कुठून आला असता? असा विचार करत बसलं की दोन्ही बाजूंनी डोकं दुखतं.

कपामुळे युरोपात खेळायला मिळालं, यूएफा कप. ग्रीसचे इराक्लिस, इथे ०-०, तिकडे ०-१. संपला युरोप. १८० मिनिटं आणि एक गोल. मग हळूहळू उतरण, २००८ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, २०११ ला क्लबचं दिवाळं. पुन्हा खालून, लोकल लीगमधून सुरुवात. कॅलेचं तर अजून वाईट, त्या कामगिरीची आठवण म्हणून २००८ मध्ये बारा हजारांचं स्टेडियम बांधलं, नाव ठेवलं 'एपोपे', म्हणजे महाकाव्य, आणि २०१७ मध्ये क्लबच बंद पडला. महाकाव्य उरलं, नायक गेला. असो.

एक वाजून दहा. १९७९ च्या त्या लोकांबद्दल मी उगाच काहीतरी उदात्त कल्पना करतेय, त्यांनी आधी साधा हिशोबच केला असणार, कारखान्याचा पगार किती, फुटबॉलचा किती, आणि पाय मोडला तर कोण बघणार. साहेबांनी मला आकडा अजून सांगितलेलाच नाहीये. सकाळी आधी तोच विचारते.