आमची वाटचाल: बफिंग मोटर ते निसणा

नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या गाळ्यात सुऱ्यांची दुरुस्ती होते. काम या क्रमानं वाढलं: आधी धार, मग गंज, मग म्यान. खरं तर क्रम उलटा हवा होता. म्यान चुकलं की बाकीची दोन कामं आपोआप येतात.

धार सुरुवातीला बेंच ग्राइंडरवर लागायची. ते सगळ्यात आधी बंद केलं. देवळाली छावणीकडून येणाऱ्या फौजी धाटणीच्या सुऱ्या आणि संग्राहकांच्या का-बार (अमेरिकी फौजी सुऱ्या) यांच्यात पोलाद कार्बनचं असतं. का-बारचं पोलाद 1095 क्रो-व्हॅन, म्हणजे सुमारे 0.95 टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम-व्हॅनेडियम; पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून कडक केल्यावर, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 56 ते 58. कोरड्या चाकावर अशी कडा क्षणात निळी पडते. निळा रंग दिसला म्हणजे पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं आणि तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. धार लागलेली दिसते, पण जाड दोर दोनदा कापला की वळते, आणि दोष पोलादावर जातो. निळा भाग दगडानं काढावाच लागतो, म्हणजे पात्याची रुंदी कायमची कमी.

आता 400 आणि 1000 ग्रिटचा निसणा (धार लावायचा दगड; ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक), पाणी, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. कोन दोन्ही बाजूंना 20 अंश. कोन नजरेनं धरू नये, पाठीची उंची मोजावी: 30 मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून 10 मिमी वर राहिली की 20 अंश बसतात. एकाच बाजूनं घासत राहायचं. दुसऱ्या बाजूला टाचेपासून (मुठीजवळच्या कडेपासून) टोकापर्यंत बोटाला सलग बर, म्हणजे कडेवर वळलेला धातूचा बारीक काठ, लागली की मगच पलटायचं. बर तुटक लागली तर तेवढ्या जागेत दगड कडेपर्यंत पोचलेलाच नाही. ते सोडून 1000 वर गेलं की पातं चकचकीत होतं आणि टोमॅटोही कापत नाही. टोकाच्या वळणावर मूठ थोडी उचलावी, नाहीतर पोट धारदार आणि टोक बोथट.

संग्रहातल्या सुरीला मात्र धार लावूच नये. बफ, म्हणजे मोटरवरचं चकाकी आणणारं कापडी चाक, तर दूरच. 1941 मध्ये विल्किन्सन सोर्डनं बनवायला घेतलेल्या फेअरबेर्न-साइक्स या ब्रिटिश कमांडो खंजिराच्या सुरुवातीच्या पात्यांवर ‘द एफ-एस फायटिंग नाइफ’ अशी उथळ अक्षरं कोरलेली असतात. दोन मिनिटं बफ फिरला की ती पुसट होतात आणि त्यांच्याबरोबर किंमतही. ग्लॉक 78 या ऑस्ट्रियन फौजी सुरीचा राखाडी-काळा फॉस्फेट थरही तसाच. तो उतरला की उघडं पोलाद पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होतं. ‘नव्यासारखी चकाचक करून द्या’ असं सांगून आलेली संग्रहातली सुरी आम्ही परत पाठवतो.

गंज लाल असेल तर काढायचा, काळा असेल तर राहू द्यायचा; काळा थर स्थिर असतो. लाल डागावर हलकं मशीन ऑइल लावून एक दिवस ठेवावं, मग चार शून्यांची (सगळ्यात बारीक) स्टील वूल बोटाच्या दाबानं फिरवावी. हट्टी डागावर तांब्याच्या पट्टीची कड चालते: तांबं पोलादाहून मऊ, ओरखडा येत नाही. चामड्याच्या चकत्यांची मूठ तेलात भिजवणं ही नेहमीची चूक. चकत्या फुगतात, मऊ पडतात, मग सैल होतात. फडक्यावर थोडं मेण घेऊन पुसलं की पुरतं.

आता म्यान. सुरी चामड्याच्या म्यानात साठवणं हेच बहुतेक गंजाचं मूळ. चामडं हवेतली ओल धरतं, कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असतात. पितळी बटणांभोवती हिरवट थर साचतो तोही चामड्यातल्या तेलामुळे. नाशिकचा जून ते सप्टेंबर म्हणजे पातं आणि म्यान वेगळं ठेवायचे महिने. पात्यावर तेलाचा पातळ हात, बंद डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की 110 ते 120 अंशांवर तासदोन तास तापवून पुन्हा वापरावेत.

वापरायच्या सुरीला आम्ही 2 मिमी कायडेक्सचं (तापवून आकार देता येणाऱ्या प्लास्टिकच्या शीटचं) म्यान करतो. पात्याला मास्किंग टेपचे दोन थर, शीट साधारण 165 ते 175 अंशांवर मऊ होईपर्यंत, मग फोमच्या प्रेसमध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं. घाईनं उघडलं की तोंड फाकतं आणि सुरी खडखडते. जास्त तापलं की शीटचा खरखरीत पोत जाऊन ती चमकते. तळाला पाणी जायला भोक हवंच; वाळूचा कण आत अडकला तर प्रत्येक वेळी पात्यावर रेघ उमटते. चामड्याचंच हवं असेल तर दोन थरांच्या मध्ये 3 ते 4 मिमीची पट्टी घालतो, नाहीतर पहिल्याच महिन्यात धार शिवण कापते.

पाती आम्ही बनवत नाही. शस्त्र नियम 2016 च्या पाचव्या वर्गात खंजीर, बायोनेट, खुकरी ही नावं आहेत, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. विक्रीसाठी हे बनवायचं तर परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरात मनाई आदेश लागतो तेव्हा सुरी खिशात किंवा कमरेला लावून फिरता येत नाही. दुरुस्तीला आणताना टोकाला बूच, पातं पुठ्ठ्यात, वर दोरी, आणि खरेदीची पावती सोबत.