गॅप नको

आज सकाळपासून धो धो पाऊस आणि ट्रान्सहार्बर लोकल रखडलेली, दुपारपर्यंत आमच्या रेडिएशन विभागाचं अर्धं वेटिंग रिकामं. टेक्नॉलॉजिस्ट एकेकाला फोन लावत बसलेले, कुठपर्यंत आलात, रबाळे का घणसोली, या सावकाश, मशीन बंद करत नाही. मला ह्या पोरांचं फार कौतुक वाटतं.

ट्रीटमेंटमध्ये गॅप पडायची मला खरंच भीती वाटते. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं असेल तर साधारण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. आणि तीन-चार आठवडे झाले की उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी उलट जोरात वाढायला लागतात, म्हणून ट्रीटमेंट लांबली की एकेका दिवसामागे आजार आटोक्यात राहायची शक्यता साधारण टक्काभर घसरते. आणि नेमकं त्याच सुमाराला तोंड आतून सोललं जातं!

दिव्याहून एक काका येतात, दिव्यांगांच्या डब्यातून, कॅन्सर पेशंटला तिथे बसता येतं म्हणून निदान धक्के तरी कमी. आज ओले होऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, मॅडम आठवडाभर सुट्टी द्या, तोंड जरा बरं होऊ दे मग परत येतो. टॉर्च मारून बघितलं तर गालाच्या आत पांढरा पापुद्रा, ओठाची कड फुटलेली, लाळ इतकी चिकट की तोंड उघडल्यावर तार धरत होती. काकू म्हणाल्या वरण-भात मिक्सरमधून काढला तरी झोंबतो हो, पेज पण अर्धी वाटी. वजन उतरलं होतं, त्यामुळे मास्कसुद्धा सैल झालेला. हा मास्क म्हणजे जाळीचं प्लास्टिक, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतो, थंड झालं की अगदी त्या माणसाच्याच नाकाडोळ्यांचा होतो आणि मग डोकं जराही हलत नाही. आज काकांची हनुवटी आत चक्क हलत होती. काही मिलिमीटरच्या हिशोबाने प्लॅन केलेला असतो, मणक्यातल्या मज्जारज्जूला ४५ ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही, लाळेच्या ग्रंथी जमतील तेवढ्या वाचवायच्या, आणि इथे हनुवटी हलतेय. म्हणून लगेच नवा मास्क, नवा सीटी, आणि मग संध्याकाळभर मी सीटीच्या स्लाइसमागून स्लाइस कंटूर, म्हणजे कुठे रेडिएशन द्यायचं आणि काय वाचवायचं त्याच्या रेषा, काढत बसले कारण उद्याचा दिवस चुकवायचा नव्हता. अन्नासाठी नळी घालायला काका तयार नव्हते, काकूंनी डोळे पुसत समजावलं तेव्हा कुठे हो म्हणाले. जेवणाआधी लावायचं सुन्न करणारं जेल, मीठ-सोड्याच्या गुळण्या, दुखण्याचं औषध वाढवून दिलं. सुट्टी नाही दिली.

भाची इंटर्नशिप करतेय कळव्याला, रात्री तिचा फोन. मावशी, तुझ्या ब्रांचमध्ये पेशंटशी बोलणं होतं का गं, की सगळं मशीनच करतं? सगळेच असं विचारतात आणि मला दरवेळी मनापासून सांगावंसं वाटतं की अगं सर्जन ऑपरेशन करून पुढच्या केसला लागतो, आमच्याकडे तोच माणूस सहा-सात आठवडे रोज येतो, त्याच्या घरी काय शिजतं, मुलीचं लग्न कधी, कर्ज किती, सगळं कळतं. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर सेंटरमधल्या, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमधल्या प्रोटॉन मशीनबद्दल ती खूप उत्साहाने बोलत होती आणि मलाही त्याचा अभिमान आहेच, तिथेच २००५ साली आपलं स्वदेशी कोबाल्ट रेडिएशन मशीन भाभाट्रॉन पहिल्यांदा बसलं. पण मशीन कोबाल्टचं असो नाहीतर प्रोटॉनचं, पेशंट चौथ्या आठवड्यात घरी बसला की काय उपयोग. माझ्या मते ह्या ब्रांचचं अर्धं कसब पेशंटला शेवटच्या दिवसापर्यंत आणण्यात आहे, आणि ते कुठल्या थिअरी पेपरात विचारत नाहीत.

ह्या ब्रांचच्या एमडीची तीन वर्षं, फिजिक्स, रेडिओबायॉलॉजी ते सगळं आहेच, हुशार आहे ती, करेल. मी तिला म्हटलं आधी एक आठवडा माझ्या रिव्ह्यू ओपीडीत शेजारी बस, तोंडं बघ, वजनं लिही, आणि मग एमडी प्रवेशाच्या काउन्सेलिंगचे चॉइस भर.