अँटेनाच्या एनओसीसाठी सोसायटीशी झालेली झटापट : माझा अनुभव

हॅम रेडिओची, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलण्याची परीक्षा, परवाना, कॉलसाइन (हवेत वापरायचं आपलं सांकेतिक नाव), सगळं सरळ पार पडलं. परवान्याचा अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर करायचा, आणि मन लावून अभ्यास केला तर रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा पेपर जड जात नाही. मी अडकलो तो आमच्याच सोसायटीच्या कमिटीपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आम्ही ठाण्यात मानपाड्याच्या बाजूला राहतो, येऊरच्या पायथ्याशी. पाच वॅटचा हँडसेट घेऊन खिडकीत उभं राहिलं की रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल झेलून पुढे दूरवर सोडणारं केंद्र, खणखणीत ऐकू यायचा, पण माझा आवाज काही त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. बोरिवलीच्या मित्राशी थेट बोलणं तर सोडाच, मध्ये अख्खा डोंगर. गच्चीवर अँटेना लावणं भाग होतं. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण अर्धा मीटर भरते. तेवढी एक उभी काडी, खाली चार तिरक्या. टीव्हीची छत्री याहून जास्त जागा खाते.

सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्यामुळे आमच्या वॉचमनचे वॉकीटॉकी बंद पडतील. आधीच मधे मधे खरखर येते." परवान्याची प्रत दिली. पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाले. मीटिंगमध्ये पार्किंग निघालं, गळती निघाली, माझा विषय राहिला. मग म्हणे एक्स्पर्टचं पत्र आणा. कुठला एक्स्पर्ट, ते कोणी सांगेना. सरकारने परीक्षा घेऊन दिलेला परवाना हातात असताना हे ऐकून घ्यायचं!

शेवटी मी वॉचमनचे सेटच बघायला मागितले. ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले. माझा पट्टा १४४ ते १४६. माझ्या सेटचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर निघणारा नको असलेला सिग्नल, धरला तरी तो ४३२ ते ४३८ मध्ये पडतो, त्यांच्या वाटेला जात नाही. खरखरीचं कारण वेगळंच होतं : शेजारच्या कॉम्प्लेक्सचे वॉचमनही त्याच चॅनलवर होते. "आमचा कोड वेगळा आहे," सेक्रेटरी म्हणाले. हा कोड म्हणजे टोन, बोलण्याच्या आवाजाखाली सोबत जाणारा बारीक सूर. टोन जुळला नाही की आपला स्पीकर गप्प राहतो, एवढंच. फ्रिक्वेन्सी एकच राहते. पलीकडचा बोलतोय हे ऐकूच येत नाही, म्हणून आपण त्याच्यावरच बटण दाबतो. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळतो, आणि दोन्ही सारखेच असले तर नुसता कल्लोळ.

हे मी गेटवर दाखवलं. एकाच चॅनलवर दोन सेट वेगवेगळ्या टोनवर, तिसरा ऐकायला. चेअरमनकाकांनी स्वतः बटण दाबून पाहिलं आणि त्यांना पटलं. वॉचमनना दुसरा मोकळा चॅनल लावून दिला, आणि बोलण्याआधी मॉनिटरचं बटण (टोन न बघता चॅनलवरचं सगळं ऐकवणारं) दाबून ऐकायला शिकवलं. त्यानंतर एनओसी आली. ती माझ्या चिकाटीने आली, कमिटीच्या कृपेने नाही.

आता रिपीटरचं. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर पुन्हा सोडतो, म्हणून जोडी लागते. टू मीटरवर, म्हणजे माझ्या १४४ ते १४६ च्या पट्ट्यावर, अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ. सेटमध्ये रिपीटर ज्यावर ऐकू येतो ती फ्रिक्वेन्सी भरा, शिफ्ट वजा ६००, आणि पाठवण्याचा टोन स्थानिक हॅम मंडळींना विचारून घ्या. बटण सोडल्यावर क्षणभर रिपीटरचा कॅरियर (आवाजाविना नुसता सिग्नल) ऐकू आला, तर तुम्ही पोचलात. मात्र जोडी असली तरी एका वेळी एकानेच बोलायचं. दोन वाक्यांमध्ये जरा थांबा, कोणाला तातडीचं असलं तर त्याला शिरता आलं पाहिजे.

रिव्हर्सचं बटण वापरा, त्याने रिपीटर ज्यावर ऐकतो ती इनपुट फ्रिक्वेन्सी आपल्याला ऐकता येते. समोरचा रिपीटरच्या इनपुटवर थेट ऐकू येत असेल, तर दोघांनी दुसऱ्या एकाच मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर सरकावं आणि रिपीटर मोकळा करावा. ऐरोलीच्या मित्राशी मी आता तसंच बोलतो, खाडीवरून मध्ये अडथळा नाही. बोरिवलीसाठी मात्र रिपीटरच.

केबल चांगली घ्या, बारीक केबलमध्ये सिग्नल वाटेतच मरतो. सोसायटीला द्यायच्या अर्जासोबत परवान्याचं पट्टे लिहिलेलं पान, अँटेनाचं मापासह चित्र, केबलचा मार्ग आणि अर्थिंग कुठे करणार ते जोडा. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं : अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आमच्याकडे मध्येच "तुमचा अर्ज आलाच नाही" असं ऐकवलं, तेव्हा त्या शिक्क्यानेच तोंड बंद झालं.