शाईची उन्हातली परीक्षा

उन्हाळाभर खिडकीच्या काचेला लावलेल्या कृष्णधवल प्रिंटच्या पट्ट्या आज उतरवल्या. प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कार्डाखाली होता, शेजारी 1 ते 8 क्रमांकांची ब्लू वूल पट्टी, म्हणजे उजेडाने रंग किती उडतो ते ताडून पाहायची निळ्या लोकरीची मापपट्टी. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, सरळसरळ फिकी पडली. पण मला जास्त खटकला तो रंगीत शाया मिसळून केलेला करडा. त्यातला एक रंग आधी उडतो, सावल्यांना हिरवट झाक चढते, चेहरा आजारी दिसतो. कार्बन पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या कार्बनच्या बारीक कणांच्या शाईची पट्टी मात्र झाकलेल्या भागासारखीच! कार्बन म्हणजे काजळीच की, जुन्या पोथ्यांची काळी शाईही तिचीच. कागद तेवढा पिवळसर झालाय, कारण त्यातले ब्रायटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं, उन्हात निकामी होतात. आजीचा फोटो आता कार्बन शाईनेच छापणार, तोही ब्रायटनर नसलेल्या कॉटन कागदावर.